इंग्रजीतले छोटे शब्द, पाटीवरचा मोठा फरक



गेल्या काही वर्षांत आपल्या गटांच्या कामात इंग्रजी हळूहळू शिरलं आहे. होमस्टेची पाटी, ऑनलाइन बुकिंगसाठी द्यायची माहिती, कोकम सरबताच्या बाटलीवरचं लेबल, महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात स्टॉलवर लावायचा फलक, व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो आणि त्याखालच्या दोन ओळी. "माका इंग्रजी येना नाय" असं म्हणत म्हणत आपण हे सगळं निभावून नेतोच.

यात मोठे शब्द फारसे अडत नाहीत. रूम, बीच, फिश, मँगो, होममेड हे शब्द आता आपल्याच बोलण्यातले झाले आहेत. गाडी अडते ती छोट्या शब्दांपाशी. इन, ऑन, ॲट, ऑफ, फ्रॉम, विथ, बाय, अँड, ऑर, बट. दोन-तीन अक्षरांचे हे शब्द बाकीच्या शब्दांना एकमेकांशी जोडतात. जोड चुकली की वाक्याचा अर्थच दुसरीकडे जातो.

"मोबाइल भाषांतर करून देतो की," असं कुणी म्हणेल. देतो, आणि त्याचा उपयोगही करावा. पण मोबाइलला आपलं घर दिसत नाही. आपण सहज बोलतो, "संध्याकाळी समुद्रावर फिरायला गेलो." इथे 'समुद्रावर' म्हणजे किनाऱ्यावर, हे आपल्याला कळतं. त्याच सवयीने "घर समुद्रावर आहे" असं लिहून दिलं आणि शब्दाला शब्द ठेवून 'ऑन द सी' झालं, तर वाचणाऱ्याला पाण्यावर तरंगणारं घरही वाटू शकतं. घर वाळूला लागून आहे, रस्त्यापलीकडे आहे की दहा मिनिटांच्या चालीवर आहे, हे फक्त आपल्यालाच माहीत असतं. म्हणून छोटा शब्द निवडण्याचं काम आपणच करायला हवं.

या पाठात इंग्रजी वाक्यं मराठी अक्षरांत दिली आहेत, म्हणजे बैठकीत सगळ्यांना मोठ्याने वाचता येतील. जिथे स्पेलिंगमध्ये गोंधळ होतो तिथे स्पेलिंग सांगितलं आहे.

१. मराठीत मागे, इंग्रजीत पुढे

मराठीत हा छोटा भाग शब्दाच्या शेवटी चिकटतो. घरात, झाडावर, देवगडहून, हातानं. इंग्रजीत तो वेगळा शब्द असतो आणि नावाच्या आधी येतो. 'मालवणात' म्हणजे 'इन मालवण'. 'झाडावर' म्हणजे 'ऑन द ट्री'.

एवढंच असतं तर सोपं होतं. खरी अडचण अशी की मराठीतला एकच प्रत्यय इंग्रजीत चार-पाच वाटांनी जातो. 'चा-ची-चे' घ्या:

देवगडचा आंबा. काजूचा लाडू. बांबूची टोपली. आमच्या गटाचं सरबत. बाळाची दुपटी.

पाचही ठिकाणी 'चा-ची-चे'च आहे, पण दर वेळी अर्थ वेगळा. देवगडचा म्हणजे देवगडहून आलेला. काजूचा म्हणजे काजू घातलेला. बांबूची म्हणजे बांबूपासून विणलेली. गटाचं म्हणजे गटानं केलेलं. बाळाची म्हणजे बाळासाठी. इंग्रजीत इथे अनुक्रमे फ्रॉम, विथ, ऑफ, बाय आणि फॉर असे पाच वेगळे शब्द लागतात.

म्हणून इंग्रजी शब्द शोधण्याआधी आपल्याच भाषेत प्रश्न विचारायचा. आंबो खयचो? लाडू कसलो? सरबत कोणी केल्यान? दुपटी कोणासाठी? उत्तर मिळालं की छोटा शब्द आपोआप ठरतो. 'खयचो'ला फ्रॉम. 'आत काय घातलंय'ला विथ. 'कोणी केल्यान'ला बाय. 'कोणासाठी'ला फॉर. हा पाठ विसरलात तरी चालेल, हे चार प्रश्न विसरू नका.

२. जागा सांगताना: इन, ऑन, ॲट

*इन* म्हणजे आत, चारही बाजूंनी वेढलेलं. स्पेलिंग आय, एन. गाव, तालुका, जिल्हा, खोली, अंगण, बाग या सगळ्यांना इन. 'इन मालवण', 'इन सिंधुदुर्ग डिस्ट्रिक्ट', 'इन अ कोकोनट गार्डन'.

*ऑन* म्हणजे पृष्ठभागावर किंवा एखाद्या रेषेला लागून. स्पेलिंग ओ, एन. रस्ता, नदीचा काठ आणि किनारा यांना इंग्रजी रेषेसारखं धरते. 'ऑन द मेन रोड', 'ऑन द बँक ऑफ द रिव्हर', 'ऑन द बीच'. मजल्यालाही ऑन: 'ऑन द फर्स्ट फ्लोअर'. आपण 'पहिल्या मजल्यावर' म्हणतो, तेव्हा इथे मराठी आणि इंग्रजीचं जुळतं.

*ॲट* म्हणजे एक ठिपका, भेटण्याची किंवा थांबण्याची जागा. स्पेलिंग ए, टी. हा शब्द आपल्या घरात कधीचा आहे. पाकिटावर आपण 'ॲट पोस्ट' लिहितो, मराठीत 'मु. पो.', तोच हा ॲट. 'ॲट द जेटी', 'ॲट द बस स्टँड', 'ॲट द गेट'. पाहुण्याला कुठे उतरायचं, कुठे उभं राहायचं हे सांगताना ॲट वापरा.

तिन्ही शब्द एकाच जागेला लावून बघूया. आपला सिंधुदुर्ग किल्ला घ्या. १६६४ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं. बेट ही उभं राहायची जमीन, म्हणून 'ऑन ॲन आयलंड'. चारही बाजूंनी पाणी, म्हणून 'इन द अरेबियन सी'. दोन्ही बरोबर. आणि बोट किल्ल्याच्या दरवाजाशी थांबते, म्हणून 'द बोट स्टॉप्स ॲट द फोर्ट'.

याच किल्ल्यासाठी इंग्रजीत आणखी एक नेमका शब्द आहे: 'ऑफ द मालवण कोस्ट', म्हणजे मालवणच्या किनाऱ्यापासून थोडं आत, समुद्रात. इथे स्पेलिंगकडे नीट लक्ष द्या. 'बँक ऑफ महाराष्ट्र'मधल्या ऑफला एकच एफ असतो, तो 'चा-ची-चे'वाला. 'लाइट ऑफ कर'मधल्या ऑफला दोन एफ असतात, तो 'बाजूला, अलग' या अर्थाचा. किनाऱ्यापासून अलग असलेल्या किल्ल्याला दोन एफवाला ऑफ लागतो. एक एफ लिहिला तर वाक्य मोडतं.

आता देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. इथे इन, ऑन, ॲट तिन्ही तोकडे पडतात. शब्द लागतो बिटवीन: 'देवबाग लाइज बिटवीन द कर्ली रिव्हर अँड द अरेबियन सी'. बिटवीनचा जोडीदार नेहमी अँड. 'बिटवीन ... टू' असं लिहू नका.

३. समुद्र किती जवळ? खरं तेवढंच लिहा

होमस्टे चालवणाऱ्या मैत्रिणींनी हा भाग दोनदा वाचावा. आपल्या किनाऱ्यावर पाहुणा पैसे मोजतो ते समुद्रासाठी. त्यामुळे समुद्र किती जवळ, हे सांगणारा छोटा शब्द म्हणजे आपण दिलेला शब्दच.

'ऑन द बीच' म्हणजे दारातून पाऊल टाकलं की वाळू.

'बाय द सी' म्हणजे समुद्राकाठी, अगदी शेजारी. मधे एखादी माडांची रांग चालेल, बाजारपेठ चालणार नाही.

'नियर द बीच' म्हणजे जवळपास. हा शब्द सैल आहे. दोन मिनिटांवरचं घरही नियर आणि दोन किलोमीटरवरचंही नियर. म्हणून नुसता नियर लिहून थांबू नये.

'फाइव्ह मिनिट्स ऑन फूट फ्रॉम द बीच' म्हणजे किनाऱ्यापासून पायी पाच मिनिटं. सगळ्यांत चांगलं वाक्य हेच. यात शंका राहत नाही. 'पायी'ला इंग्रजीत 'ऑन फूट', 'बसने'ला 'बाय बस', 'बोटीने'ला 'बाय बोट'.

'सी फेसिंग' म्हणजे खोलीचं तोंड समुद्राकडे. खिडकीतून समुद्र दिसत असेल तरच हे लिहा. गच्चीवर गेल्यावर दिसत असेल तर तसंच लिहा: 'द सी कॅन बी सीन फ्रॉम द टेरेस'.

समजा, घर किनाऱ्यापासून पंधरा मिनिटांवर आहे आणि माहितीत 'ऑन द बीच' लिहिलं. बुकिंग होईल. पण येणाऱ्यांत गुडघेदुखीची आजी असेल, बाळंतीण असेल. ती माणसं भर उन्हात सामान घेऊन उतरतील आणि समुद्र विचारत फिरतील. मग आपली बांगड्याची तिखलं, आपले वडे कितीही चांगले असोत, पाहुणा जाताना 'सांगितलं एक, निघालं एक' हेच लिहून जाणार. उलट 'किनाऱ्यापासून पंधरा मिनिटं, पण नारळी-पोफळीच्या बागेत' असं खरं लिहिलं तर शांतता हवी असलेला पाहुणा नेमका आपल्याकडे येतो. 'फिफ्टीन मिनिट्स फ्रॉम द बीच, इन अ क्वाएट कोकोनट गार्डन.' यात कमीपणा काहीच नाही.

फ्रॉम लिहिताना बोटं घसरतात. स्पेलिंग एफ, आर, ओ, एम. आर आणि ओची अदलाबदल झाली की तो 'फॉर्म' होतो, आपण बँकेत भरतो तो. मोबाइल ही चूक दाखवत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

४. फिरायला नेताना: थ्रू, अलाँग, अक्रॉस

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला होडीतून कांदळवन सफारी घडवतात. अशा फेरीचं वर्णन करायचं तर जागेचे शब्द पुरत नाहीत, चालीचे शब्द लागतात.

*थ्रू* म्हणजे मधून, दोन्ही बाजूंनी काहीतरी असताना: 'थ्रू द मँग्रोव्ह्ज', कांदळवनातून.
*अलाँग* म्हणजे कडेकडेने, काठाने: 'अलाँग द क्रीक', खाडीच्या कडेने.
*अक्रॉस* म्हणजे या तीरावरून त्या तीराला: 'अक्रॉस द क्रीक', खाडी ओलांडून.

मराठीत तिन्हींना आपण 'खाडीतून' म्हणून मोकळ्या होतो. पण पाहुण्याच्या डोळ्यांपुढे तीन वेगळी चित्रं उभी राहतात. अक्रॉस वाचणाऱ्याला वाटतं, तर आहे, पलीकडे उतरवणार. थ्रू वाचणाऱ्याला वाटतं, झाडांच्या मधून जाणार, पक्षी दिसणार. आपली फेरी कशी आहे ते आठवा आणि शब्द घ्या.

५. वेळ सांगताना

इथे तेच तीन शब्द पुन्हा येतात, मोठ्याकडून छोट्याकडे. महिना, वर्ष, ऋतू यांना इन: 'इन मे', 'इन १६६४', 'इन द मॉन्सून'. वार आणि तारखेला ऑन: 'ऑन मंडे', 'ऑन १ मे'. घड्याळातल्या वेळेला ॲट: 'ॲट सेव्हन'. सकाळ, दुपार, संध्याकाळ यांना इन, पण रात्रीला 'ॲट नाइट'. हा अपवाद पाठच करा.

घरगुती जेवण देणाऱ्यांसाठी दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत, *बाय* आणि *टिल*. मराठीत दोन्हींना 'पर्यंत'.

'सकाळी दहापर्यंत मासळीची ऑर्डर द्या' म्हणजे दहाच्या आत एकदा सांगा. इथे बाय: 'प्लीज ऑर्डर फिश बाय टेन इन द मॉर्निंग.'

'रात्री दहापर्यंत जेवण मिळेल' म्हणजे दहा वाजेस्तोवर ते चालूच राहणार. इथे टिल: 'डिनर इज सर्व्ह्ड टिल टेन ॲट नाइट.'

एकदाच करायचं काम असेल तर बाय, चालू राहणारं काम असेल तर टिल. हे उलटं झालं तर पाहुणा सकाळभर ऑर्डर वाढवत राहील आणि आपण बाजारातून सुरमई घेऊन परतलेल्या असू.

६. लेबलवर: मेड बाय, इन, ऑफ, फ्रॉम, विथ

'मेड' म्हणजे केलेलं. त्याच्या पुढे येणारा छोटा शब्द अर्थ बदलतो.

*मेड बाय*: कोणी केलं. 'मेड बाय विमेन ऑफ अवर ग्रुप'. स्पेलिंग बी, वाय. बी, यू, वाय लिहिलं तर अर्थ होतो 'विकत घ्या'.

*मेड इन*: कुठे केलं. 'मेड इन मालवण'.

*मेड ऑफ*: वस्तू कशाची, आणि ती वस्तू बघून कळतं. काथ्याचं पायपुसणं, बांबूची टोपली. 'मेड ऑफ कॉयर', 'मेड ऑफ बांबू'. काथ्या डोळ्यांना दिसतो.

*मेड फ्रॉम*: कशापासून केलं, आणि मूळ माल रूप बदलून गेला. रातांब्यापासून आगळ, फणसाच्या गऱ्यांपासून फणसपोळी. 'मेड फ्रॉम फ्रेश जॅकफ्रूट'. फणसपोळीत गरा दिसत नाही, म्हणून फ्रॉम.

*मेड विथ*: त्यात काय काय घातलं. 'लाडू मेड विथ कॅश्यू अँड जॅगरी'.

ऑफ आणि फ्रॉमची सीमा इंग्रजी बोलणारेही कधी कधी ओलांडतात. तिथे थोडं इकडे-तिकडे झालं तर बिघडत नाही. पण फ्रॉम आणि विथची अदलाबदल गिऱ्हाइकाला फसवू शकते. 'मेड फ्रॉम कॅश्यू' वाचून वाटतं, मुख्य माल काजूच. लाडू बेसनाचा असेल आणि वर काजूचे चार तुकडे असतील, तर 'बेसन लाडू विथ कॅश्यू' हेच खरं.

'खयचो'चा फ्रॉमही जपून वापरावा. हापूस आंब्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सिंधुदुर्गही आहे. वेंगुर्ल्याचा काजू आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम यांनाही मानांकन आहे. नावाला मोल आहे म्हणूनच मानांकन आहे. 'मँगोज फ्रॉम देवगड' लिहिलं तर आंबा देवगडचाच हवा. दुसरीकडचा आंबा आणून देवगडच्या बाजारात विकला, तरी तो 'फ्रॉम देवगड' होत नाही. हे नाव आपणच पातळ केलं तर उद्या आपल्याच खऱ्या आंब्याला भाव मिळणार नाही.

*विदाउट* म्हणजे शिवाय. फणसपोळीत, आंबापोळीत वरून साखर घातली नाही म्हणून काही जणी 'विदाउट शुगर' लिहितात. पण फळाची स्वतःची साखर त्यात असतेच. मधुमेहाचा माणूस 'विदाउट शुगर' वाचून निर्धास्तपणे खाईल. खरं वाक्य आहे 'विदाउट ॲडेड शुगर' किंवा 'नो ॲडेड शुगर', म्हणजे वरून साखर घातलेली नाही. फरक एका शब्दाचा, पण तो कुणाच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

तसंच ॲलर्जीचं. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे पाकिटावरची आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. सोबत मराठी देता येते. ज्या पदार्थांनी काहींना त्रास होतो, त्यांचा उल्लेख 'कंटेन्स' म्हणजे 'यात आहे' या शब्दाने वेगळा करायचा असतो. दूध, अंडं, मासे, कोळंबीसारखे कवचवाले जीव, शेंगदाणे, काजूसारखे कवचफळं, सोयाबीन आणि गहू हे त्यांतले आपल्या कामाचे. सुकटीच्या चटणीवर, काजूच्या लाडवावर ही ओळ हवीच. इथे अँड आणि ऑर जपा. 'कंटेन्स कॅश्यू अँड मिल्क' म्हणजे दोन्ही आहेत. 'कॅश्यू ऑर मिल्क' लिहिलं तर वाचणाऱ्याला कळणारच नाही की नेमकं काय आहे.

७. वाक्य जोडताना: अँड, ऑर, विथ, बट

थाळीची पाटी घ्या. 'फिश थाळी विथ सोलकढी' म्हणजे सोलकढी किमतीत धरलेली. 'राइस ऑर भाकरी' म्हणजे दोन्हींतलं एक. 'राइस अँड भाकरी' म्हणजे दोन्ही. ऑरच्या जागी अँड पडला की पाहुणा दोन्ही मागणार, आणि त्याचं बरोबरच असणार.

बट म्हणजे पण. त्याची एक गंमत आहे, आणि ती मराठीतही तशीच आहे. ही दोन वाक्यं वाचा:

'द रूम इज क्लीन बट स्मॉल.' खोली स्वच्छ आहे पण लहान आहे.
'द रूम इज स्मॉल बट क्लीन.' खोली लहान आहे पण स्वच्छ आहे.

माहिती तीच. पण 'पण'च्या नंतरचं मनात राहतं. पहिल्या वाक्यात लहानपणा राहतो, दुसऱ्यात स्वच्छता. उणीव लपवायची नाही, फक्त ती आधी सांगायची आणि जमेची बाजू नंतर.

८. सगळं एकत्र

आधी मराठीत लिहा:

"आमचं घर तारकर्लीत नारळाच्या बागेत आहे. किनाऱ्यापासून पायी सहा मिनिटं. खोल्या पहिल्या मजल्यावर आहेत, लहान पण हवेशीर. जेवण आमच्या गटातल्या महिला करतात. मासळीची ऑर्डर सकाळी दहापर्यंत द्यावी."

आता प्रत्येक प्रत्ययाला प्रश्न विचारत इंग्रजी:

"अवर हाउस इज इन अ कोकोनट गार्डन इन तारकर्ली. इट इज सिक्स मिनिट्स ऑन फूट फ्रॉम द बीच. द रूम्स आर ऑन द फर्स्ट फ्लोअर, स्मॉल बट एअरी. मील्स आर कुक्ड बाय द विमेन ऑफ अवर ग्रुप. प्लीज ऑर्डर फिश बाय टेन इन द मॉर्निंग."

वाक्यं छोटी ठेवली आहेत. एका वाक्यात दोन-तीनपेक्षा जास्त छोटे शब्द कोंबले की गाठी पडतात. लांब वाक्य झालं तर तोडून दोन करा. 'ब्यूटिफुल', 'अमेझिंग' असे शब्द एकही नाहीत, तरी घर डोळ्यांपुढे उभं राहतं. ते काम इन, ऑन, फ्रॉम आणि बायनं केलं आहे.

करून पाहा

मोकळ्या जागी छोटा शब्द भरा. उत्तरं खाली आहेत, आधी बघू नका.

१. तिकीट जेटीवर मिळेल. — टिकेट्स आर सोल्ड ___ द जेटी.
२. आगळ रातांब्यापासून केलं आहे. — आगळ इज मेड ___ कोकम फ्रूट.
३. पायपुसणं काथ्याचं आहे. — द डोअरमॅट इज मेड ___ कॉयर.
४. नाश्ता सकाळी दहा वाजेपर्यंत चालू असतो. — ब्रेकफास्ट इज सर्व्ह्ड ___ टेन.
५. रात्रीच्या जेवणाचं संध्याकाळी पाचच्या आत सांगा. — प्लीज ऑर्डर डिनर ___ फाइव्ह.
६. थाळीबरोबर सोलकढी आहे. — थाळी ___ सोलकढी.
७. भात किंवा घावणे. — राइस ___ घावणे.
८. होडी कांदळवनातून जाते. — द बोट गोज ___ द मँग्रोव्ह्ज.
९. किल्ला बेटावर आहे. — द फोर्ट इज ___ ॲन आयलंड.
१०. दुकान रविवारी बंद. — द शॉप इज क्लोज्ड ___ संडे.

उत्तरं: १. ॲट. २. फ्रॉम. ३. ऑफ (एक एफ). ४. टिल. ५. बाय. ६. विथ. ७. ऑर. ८. थ्रू. ९. ऑन. १०. ऑन.

पुढच्या मासिक बैठकीसाठी

प्रत्येक गटाने आपलं एक लेबल, पाटी किंवा माहितीची ओळ घेऊन यावी. एकीने ती मोठ्याने वाचावी. बाकीच्यांनी फक्त चार प्रश्न विचारावेत: खयचा? आत काय घातलंय? कोणी केल्यान? कोणासाठी? होमस्टेवाल्यांसाठी पाचवा: समुद्र पायी किती मिनिटं? आपण मराठीत दिलेलं उत्तर आणि पाटीवरचं इंग्रजी जुळत नसेल, तर तिथला छोटा शब्द बदलायचा. नवीन लेबल छापण्याआधी हे करावं. छापून झाल्यावर हजार पाकिटांवरचा एक शब्द खोडणं महाग पडतं.

शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलींना स्पेलिंग तपासायला बसवा. पण शब्द कोणता घ्यायचा, ते तुम्ही सांगा. घर तुमचं आहे, सरबत तुम्ही केलं आहे, आणि त्याबद्दल खरं काय ते तुम्हालाच माहीत आहे.